आगळ पिऊन चरबी वितळत नाही

गोव्यातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरणारा संदेश थोडक्यात असा : लठ्ठपणा हा आजार नव्हे, आळस आहे. भात बंद करा, रोज अनशापोटी कोमट पाण्यातून भिरंडीचं (कोकमाचं) आगळ, म्हणजे खारवलेला रस, घ्या, महिन्यात दहा किलो उतरतील. डॉक्टरांची इंजेक्शनं म्हणजे लूट. सोडली की वजन परत.

आधी आगळ. भिरंडीच्या सालीत हायड्रॉक्सिसायट्रिक आम्ल असतं आणि प्रयोगशाळेत ते चरबी बनवणाऱ्या एका एन्झाइमला अडवतं, इथवर खरं. पण १९९८ साली 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात माणसांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. भिरंडीच्याच कुळातल्या गार्सिनिया कंबोजियाचा अर्क, रोज दीड ग्रॅम आम्ल पोटात जाईल इतका, १२ आठवडे दिला होता. औषध नसलेल्या गोळ्या घेणाऱ्यांपेक्षा त्यांचं वजन काही विशेष घटलं नाही. शिवाय आगळात मीठ मुबलक, म्हणजे रक्तदाब असलेल्याने ते रोज घेणं हा उलटा उपचार. जेवताना सोलकढी प्या की, कोण नको म्हणतंय!

महिन्यात दहा किलोंचा हिशेब तर कुणीच केलेला दिसत नाही. एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७,७०० कॅलरी. दहा किलो उतरवायला रोज अडीच हजारांहून अधिक कॅलरींची तूट हवी. बहुतेकांच्या पोटात दिवसभरात तेवढं जातही नाही.

भाताबद्दल एवढंच : प्रश्न ताटातल्या ढिगाचा आहे. भात सोडून त्या जागी चार पाव खाल्ले तर काय साधलं? आणि संध्याकाळच्या फेणीबद्दल संदेशात अक्षर नाही, हे मात्र सोयीचं.

सर्वांत वाईट आहे तो आळसाचा शिक्का. वजन उतरलं की तृप्ती कळवणारं लेप्टिन हे संप्रेरक घटतं, भूक चेतवणारं घ्रेलिन वाढतं. २०११च्या एका अभ्यासात हे बदल वर्षभरानंतरही टिकून होते. स्टिरॉइड, इन्सुलिन, मनोविकारावरची काही औषधं यांनीही वजन वाढतं. म्हणून रुग्णाच्या गोळ्यांची यादी आधी पाहायची, कंबर मोजायची, घोरणं आणि झोप विचारायची. भारतीयांसाठी बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) २५ म्हणजेच लठ्ठपणा, आणि कंबरेची मर्यादा पुरुषांना ९०, स्त्रियांना ८० सेंटिमीटर. 'वजन कमी करा' एवढंच बजावून रुग्णाला बाहेर काढणारे डॉक्टर आहेत. त्यांच्यामुळेच असल्या संदेशांना गिऱ्हाईक मिळतं.

इंजेक्शनांबाबत संदेशाचा अर्धा भाग बरोबर आहे. सेमाग्लुटाइड या अशाच इंजेक्शनाच्या चाचणीत, आहार-व्यायामाच्या जोडीने, ६८ आठवड्यांत सरासरी सुमारे १५ टक्के वजन घटलं. सगळं थांबवल्यावर वर्षभरात घटलेल्यापैकी दोन तृतीयांश परत आलं. पण रक्तदाबाची गोळी सोडली की दाबही चढतो, म्हणून तिला कुणी लूट म्हणत नाही. दीर्घकाळचा आजार, दीर्घकाळचा उपचार. खर्च जड आहे, मळमळ-उलट्या होतात, गरोदरपणात ही औषधं चालत नाहीत आणि प्रत्येकाला ती लागतही नाहीत. वजन पाच ते दहा टक्के उतरलं तरी साखर आणि रक्तदाब सुधारतात, आणि पुष्कळांना तेवढं आहार-चालण्यानेच जमतं. धोका आहे तो लग्नाच्या फोटोंसाठी चिठ्ठीविना इंजेक्शन मिळवणाऱ्यांना. घरात कुणाला थायरॉइडचा मेड्युलरी कर्करोग होता का, स्वतःला कधी स्वादुपिंडाची सूज आली होती का, हे त्यांना कुणी विचारलेलंच नसतं.