आईच्या फाईलमधला राहिलेला डोस

आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं म्हणून परवा तिची फाईल काढली. साखरेचे रिपोर्ट, जुना ईसीजी, आणि त्यांच्यामध्ये लॅमिनेट केलेलं कोविड लसीचं सर्टिफिकेट. पहिला डोस मार्च २०२१, दुसरा एप्रिलअखेर. पुढे काहीच नाही.

लॅमिनेशन मीच करून आणलं होतं, माझ्या सर्टिफिकेटसोबत. आठवतंय ना? १५ ऑगस्ट २०२१ पासून दोन डोस होऊन चौदा दिवस झालेल्यांनाच लोकलने जाता येऊ लागलं. डोंबिवली स्टेशनाबाहेर सर्टिफिकेट तपासून घ्यायला केवढी रांग! तो कागद हातात आला आणि आपल्या सगळ्यांच्या मनात लसीकरण तिथेच संपलं. लस कागदासाठी घेतल्यासारखी झाली. तिसऱ्या डोसचा कागद कुणी कधी मागितला नाही, म्हणून तो घ्यायचंही कुणाला सुचलं नाही.

खरं तर १० जानेवारी २०२२ पासून साठीच्या पुढच्या, मधुमेहासारखा आजार असलेल्या लोकांना तिसरा डोस सरकारी केंद्रावर फुकट मिळत होता. दुसऱ्या डोसला नऊ महिने झाले की झालं. आईचे नऊ महिने जानेवारीअखेर भरले. केंद्र घरापासून दहा मिनिटांवर. मी म्हणायचे, "आई, या रविवारी जाऊ." ती म्हणायची, "अगं, आता कुठे राहिलाय कोरोना?" फेब्रुवारी गेला, मार्च गेला. जूनमध्ये पुन्हा रुग्ण वाढले आणि आईला ताप आला.

नऊ दिवस दवाखान्यात होती. ऑक्सिजन लागला नाही, पण साखर चारशेच्या वर गेली आणि इन्सुलिन सुरू करावं लागलं. तिसऱ्या डोसने हे सगळं टळलंच असतं, असं मी म्हणणार नाही. तसं कुणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण तिच्या वाट्याचं संरक्षण तिला मिळालं नाही, आणि ते माझ्या हातात होतं.

लसीने तयार झालेली प्रतिपिंडं काही महिन्यांत ओसरतात. आजार गंभीर होऊ न देणारी शरीराची आठवण त्याहून बरीच जास्त टिकते. म्हणूनच धडधाकट तिशीतल्या माणसाने दरवर्षी डोस घेतलाच पाहिजे असं जागतिक आरोग्य संघटनाही म्हणत नाही. पण म्हातारपणात आणि मधुमेहात ही आठवणही लवकर फिकी पडते. त्यात विषाणू बदलत राहिला. आपण घेतलेल्या कोविशील्ड आणि कोव्हॅक्सिन २०२० च्या मूळ विषाणूवरून केलेल्या. त्यानंतर ओमिक्रॉन आला, २०२३ च्या डिसेंबरात त्याचाच उपप्रकार जेएन.१ आला, आणि २०२५ च्या मे महिन्यात मुंबई-ठाण्यात पुन्हा रुग्ण दिसू लागले. वय झालेली माणसं, केमोथेरपी चालू असलेली, किडनी बदललेली, गरोदर बायका: यांच्यासाठी "दोन झाले ना, बास" हे उत्तर पुरेसं नाही.

२०२४ मध्ये कोविशील्डमुळे रक्ताच्या गुठळ्या होतात अशी बातमी फिरली तेव्हा मावशीने घाबरून फोन केला होता. तो दुष्परिणाम खरा आहे, आणि अतिशय क्वचित होणारा आहे. तो साधारण लस घेतल्यापासून चार ते बेचाळीस दिवसांत दिसतो. २०२१ मध्ये लस घेतलेल्या माणसाने त्या भीतीने आज झोप उडवून घेऊ नये. ज्याला तेव्हा असा त्रास झाला, त्याने मात्र ती लस पुन्हा घ्यायची नसते, आणि डॉक्टरांना ते आवर्जून सांगायचं.

आता अडचण अशी की ती केंद्रं कधीच उठून गेली. मी जवळच्या दोन दवाखान्यांत विचारलं, दोन्हीकडे लस नव्हती. म्हणून सोडून द्यायचं का? मला नाही तसं वाटत. शेवटचा डोस कधी घेतला आणि शेवटचा कोविड कधी झाला, एवढं तरी घरातल्या प्रत्येक वयस्क माणसाच्या फाईलवर लिहून ठेवा आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारा. नुकताच कोविड होऊन गेला असेल तर लगेच डोस देत नाहीत. आपल्याकडे तीन महिने थांबायला सांगत. आणि मुलांकडे अमेरिकेला सहा महिने जाणाऱ्या काका-काकूंनो, तिकडे दर शरदात नव्या उपप्रकाराला धरून बदललेली लस फार्मसीत येते. जायच्या आधी मुलांना चौकशी करायला सांगा. खर्चही विचारा, कारण प्रवास विम्यात लस बहुतेक वेळा धरलेली नसते.

शनिवारी आईला घेऊन डॉक्टरांकडे गेले. फ्लूची लस घेतली. ती दरवर्षी घ्यायची असते आणि सहज मिळते. न्यूमोनियाची पुढच्या महिन्यात ठरली आहे. कोविडबद्दल डॉक्टर म्हणाले, "मिळाली तर आणा, मी देतो." घरी आल्यावर आईने स्वतःच फाईलच्या पहिल्या पानावर तारीख लिहिली आणि खाली एक ओळ रिकामी सोडली.

डोंबिवली, कल्याण, ठाण्यात अलीकडे कुणाला कोविडची लस मिळाली असेल तर कुठे मिळाली ते खाली लिहा. या वेळी रविवार टळणार नाही.