आधी सही करा, मग बघू

'नागरिकांच्या सूचना मागवण्यात येत आहेत' असं वाचलं की मला आता हसूच येतं. मागे अशाच एका बैठकीला गेलेलो, भिंतीवर रस्त्याचा प्लॅन, दारातच हजेरीच्या कागदावर सह्या, तासभर साहेबांचं भाषण आणि शेवटी पाच मिनिटं 'कुणाला काही विचारायचंय का?' मागून एका आजोबांनी विचारलं टेंडर कधी निघणार, तर उत्तर आलं, ते तर गेल्या महिन्यातच निघालं! मग आम्ही आलो कशाला होतो? सह्या मात्र फाईलला लागल्या, लोकसहभाग झाला.

शेरी अर्नस्टीन या अमेरिकन अभ्यासक बाईंनी १९६९ मध्येच लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडून ठेवलीये. तळाला लोकांना गुंडाळणं, मधे कुठेतरी माहिती देणं, मत विचारणं, आणि पार वर निर्णयच लोकांच्या हातात. आमची बैठक कुठल्या पायरीवर ते तुम्हीच ठरवा.

आता 'लोक येतच नाहीत हो' ही अधिकाऱ्यांची तक्रार, ती खोटी नाही, येणारे बहुतेक रिटायर्ड किंवा भांडखोर (मी दुसऱ्यातला). पण ठरलेल्या गोष्टीवर मत द्यायला कोण रजा टाकून येईल? ब्राझीलच्या पोर्तो अलेग्रे शहरात १९८९ पासून बजेटमधल्या कामांचा क्रम वस्त्यावस्त्यांतल्या सभांमधून ठरायला लागला, आधी पाणी का गटार का रस्ता, आणि तिथे गरीब वस्त्यांतली माणसं सुद्धा यायची कारण बोललेलं बजेटात उतरायचं. कायम टिकलं असंही नाही, राज्यकर्ते बदलले तसं तेही ढिलं पडत गेलं.

मला सगळ्यात जास्त पटतं ते राजस्थानचं. डिसेंबर १९९४, कोटकिराना गाव, मजदूर किसान शक्ती संघटनवाल्यांनी जनसुनवाई घेतली. या सुनवायांमध्ये काय करायचे, तर सरकारी कामाचं मस्टर, म्हणजे मजुरांच्या हजेरीचा आणि मजुरीचा कागद, भर सभेत मोठ्याने वाचायचं, बास. नाव वाचलं की समोरूनच कुणीतरी उठणार, मी तर त्या कामावर गेलोच नव्हतो! काही नावं तर मेलेल्या माणसांची निघाली. २००५ च्या माहिती अधिकार कायद्यामागे या सुनवायांचा मोठा हात आहे. म्हणजे कागद तोच, नावं आणि सह्यांचा, फक्त तो लोकांच्या हातात आला.

परवा परत एका बैठकीचं बोलावणं आलं. गेलो. दारात तोच कागद. म्हटलं, सही करतो, पण आधी एस्टिमेटची कॉपी दाखवा. तिथला माणूस म्हणाला, आधी सही करा, मग बघू.

नाही केली. कॉपी अजून आलेली नाही.