गरम हुरडा आणि "आई, शू"

डिसेंबर सरत आला की पुण्यातल्या घरोघरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी टाकतंच, "यंदा हुरड्याला जायचं ना?" खाली अंगठ्यांची रांग लागते. अंगठा दाखवणाऱ्यांपैकी ज्यांच्या घरात सहा वर्षांखालचं पोर आहे, त्यांनी पुढचं वाचावं. बाकीच्यांनी खुशाल जावं, खावं, झाडाखाली आडवं व्हावं. त्यांचा आणि माझा संबंध नाही.

अडचण एवढीच आहे की हुरडा, म्हणजे ज्वारीचा भाजलेला कोवळा दाणा, थांबत नाही. आगटीतून, म्हणजे निखाऱ्यांच्या खड्ड्यातून, कणीस निघालं, चोळलं, फुंकलं आणि पुढ्यात आलं, की तिथून दोन-तीन मिनिटांचा खेळ. तेवढ्यात तोंडात गेला तर दाणा लुसलुशीत, गोडसर, धुराचा वास लागलेला. गार झाला की चिवट. आणि नेमक्या त्याच दोन-तीन मिनिटांत मागून आवाज येतो, "आई, शू." यावर अजून कुणाला उपाय सापडलेला नाही. मी जे सांगणार आहे त्याने फार तर नुकसान आटोक्यात राहील.

सुरुवात तारखेपासून. रब्बीची ज्वारी सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पेरतात. पेरल्यापासून साधारण ९० ते १०० दिवसांनी दाणा हुरड्यात येतो. म्हणजे आतलं दूध आटून तो भरलेला असतो, पण टणक झालेला नसतो. एका पेऱ्याला ही अवस्था जेमतेम आठवडाभर मिळते. आधी गेलात तर चोळताना चीक निघतो, उशिरा गेलात तर गोडवा पिठात जमा झालेला असतो. म्हणून हुरडा पार्टीवाले शेतकरी मागे-पुढे, थोडं थोडं पेरतात. त्यांना फोनवर "हुरडा आहे का?" असं विचारू नये. उत्तर कायम "आहे की, या" असंच येतं. "वाण कोणता, आणि कणसं सकाळी शेतातूनच खुडता ना?" असं विचारावं. गुळभेंडी, सुरती किंवा राहुरीच्या कृषी विद्यापीठाचा फुले मधुर म्हणाले तर निर्धास्त जावं. मालदांडी म्हणाले तर जरा थांबावं. मालदांडीच्या भाकरीला तोड नाही, मंगळवेढ्याच्या ज्वारीला तर भौगोलिक मानांकनही आहे. पण तिचा हिरवा दाणा बोंडातून सहजी सुटत नाही, आणि लहान पोराच्या घशाला तूस लागलं की पुढची पंधरा मिनिटं खोकल्यात जातात.

फोनवरचा दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा : संडास किती आहेत आणि त्यात कमोडचा किती? "आहे एक, पण चालू आहे" असं उत्तर आलं तर रविवार सोडून दुसरा वार बघा. आणि नगर रस्त्याने जाणार असाल तर १ जानेवारी टाळा. त्या दिवशी पेरणे फाट्याच्या जयस्तंभाला अभिवादन करायला लाखो लोक येतात आणि वाहतूक वळवलेली असते. वळसा मोठ्यांना चालतो. मागच्या सीटवर "अजून किती वेळ?" हा प्रश्न दर चार मिनिटांनी येत असेल तर चालत नाही.

कपड्यांचं गणित मोठ्यांना कधीच जमत नाही, कारण ते पहाटे मांडलेलं असतं. जानेवारीत निघताना पारा दहा-बारा अंशांवर असतो, म्हणून आजी पोराला लोकरी स्वेटर, कानटोपी, हातमोजे असं सगळं चढवते. बारा वाजता त्याच शेतात ऊन तीस अंशांच्या घरात जातं. तोवर एकेक कपडा उतरत आईकडे जमा झालेला असतो आणि तिची चालती-बोलती खुंटी झालेली असते. शिवाय लोकर ही हुरड्याच्या शेतात न्यायची वस्तूच नव्हे. ज्वारीची तुसं आणि गवताची कुसळं लोकरीत जी घुसतात ती मशीनमध्ये धुऊनही निघत नाहीत, आणि पुढच्या थंडीत तो स्वेटर घातलेलं पोर उगाच मान खाजवत बसतं. पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, वर चेनवालं जॅकेट, पायात बंद बूट. ज्वारीच्या पानाची कड हाताला सर्रकन ओरखडा काढते, म्हणून बाह्या हव्यातच. बुटांखाली ठिबकच्या नळीशेजारची काळी माती इंचभर जाड चिकटते, ती काढायला जुना चमचा किंवा तसलं काहीतरी गाडीत ठेवा. पांढरे कपडे फोटोत छान दिसतात. पहिल्या फोटोत.

आता प्रवास. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या १९४ ब कलमानुसार १४ वर्षांखालचं मूल पट्ट्याशिवाय किंवा मुलांच्या सीटशिवाय नेलं तर हजार रुपये दंड आहे. घरातल्या आजीचा या कलमाला तत्त्वतः विरोध असतो. "माझ्या मांडीइतकी सुरक्षित जागा नाही" हे तिचं म्हणणं शांतपणे ऐकून घ्यावं आणि मूल सीटमध्येच बांधावं. त्यानंतरचं संकट उलटीचं. गाडी लागण्याचा त्रास दोन ते बारा या वयात सगळ्यात जास्त. कान मेंदूला सांगतात की आपण हलतोय, मोबाइलमध्ये घुसलेले डोळे सांगतात की छे, इथेच बसलोय. या भांडणाचा निकाल पोटात लागतो. म्हणून मोबाइल बंद, नजर समोरच्या रस्त्यावर, खिडकी थोडी उघडी. पोट रिकामं नको आणि ठासून भरलेलंही नको, निघताना दूध तर नकोच. एक इडली किंवा कोरडी पोळी पुरते. प्लॅस्टिकची पिशवी एकात एक अशा दोन ठेवा आणि त्यात आधी फुंकून बघा. पिशवीला भोक आहे हे कळण्याची वेळ ती नव्हे.

शेतावर पोचल्यावर टोपी, गंध, उसाचा रस असं स्वागत होतं आणि लगेच काउंटरवर वयाची चौकशी होते. पाच वर्षांखाली फुकट, पाच ते दहा अर्धे पैसे, ही सर्वसाधारण पद्धत. बाबा खालच्या आवाजात "साडेचार" म्हणतात आणि पोर वरच्या आवाजात "मी पहिलीत आहे" म्हणतं. अर्धे पैसे भरा. तसंही ते खाणार नाही.

मुख्य प्रकार आगटीचा. जमिनीत हातभर रुंद आणि वीतभर खोल खड्डा, त्यात शेणाच्या गोवऱ्या पेटवतात. ज्वाळा बसून वर पांढरी राख धरली की कणसं वीतभर दांड्यासकट निखाऱ्यात खुपसायची. फिरवत राहायचं. तीन-चार मिनिटांत कणसाचा हिरवा रंग मळतो, दाण्यांवर काळे ठिपके येतात आणि बारीक तडतड ऐकू येते. की लगेच बाहेर काढून तळहातात, गरम आहे तोवर, गोल फिरवत चोळायचं. हे काम करणाऱ्या आजोबांचे हात बघण्यासारखे असतात. निखाऱ्यातून निघालेलं कणीस ते सहज हातात धरतात, दोन्ही तळव्यांत दोनदा फिरवतात आणि खालच्या गोणपाटावर हिरव्या दाण्यांचा सडा पडतो. मग सुपात घेऊन दोन पाखडण्या, एक फुंकर, आणि दाणे तुमच्या पुढ्यात. "मी करून बघू?" म्हणून बाबांनी हात पुढे करू नये. पहिलं कणीस चोळायला घेतलं की बाबा ते टाकतात, तेही नेमकं दह्याच्या वाटीत.

पोराला आगटीपासून पाच-सहा फूट लांब, वारा जिकडून येतो त्या बाजूला बसवा, म्हणजे धूर तोंडावर येणार नाही. वारा दर दहा मिनिटांनी दिशा बदलतो, तेव्हा चटईसकट उठायची तयारी ठेवा. एका गोष्टीत मात्र गंमत नाही. आगटी विझल्यासारखी दिसते, पण राखेखालचा निखारा तासन्‌तास धगधगत असतो, आणि पांढरी मऊ राख बघून पोराला त्यात पाय घालावासाच वाटतो. जुन्या आगटीवर माती टाकली आहे का, ते आधी फिरून बघा. भाजलंच तर साध्या गार पाण्याच्या धारेखाली वीस मिनिटं धरा. टूथपेस्ट नको, बर्फ नको, आणि हळद घेऊन धावत येणाऱ्या मावशींना नम्रपणे थांबवा. फोड मोठा असेल तर गरम हुरड्याचा नाद सोडून डॉक्टर गाठा.

खाण्याबद्दल मोठ्यांची कल्पना अशी असते की आपण शेंगदाण्याच्या चटणीशी, दह्याशी, गुळाच्या खड्याशी हुरडा खाणार आणि शेजारी आपलं बाळ मातीशी नातं जोडत खाणार. बाळ पहिला दाणा जिभेवर ठेवतं, "हे पॉपकॉर्न का नाही फुटलं?" असं विचारतं आणि रेवड्यांकडे वळतं. लसणाच्या चटणीचं बोट चुकून लागलं तर रडारड होते, म्हणून दह्याची वाटी हाताशी असू द्या. पोराला मूठ-दोन मूठ हुरडा पुष्कळ झाला. मोठ्यांनीही पैसे वसूल करायच्या नादात मर्यादा सोडू नये. हिरवा दाणा तंतूंनी भरलेला असतो, दुपारी पोट फुगतं आणि संध्याकाळी गाडी चालवणाऱ्याला त्याची आठवण येत राहते. वर ताक प्यावं.

पाच वर्षांखालच्या मुलाच्या हातात अख्खे शेंगदाणे आणि भाजलेले हरभरे देऊ नका. पळताना, हसताना दाणा श्वासनलिकेत जाऊ शकतो. बसवून, एकेक घास, तोही चुरून. आणि बोरं! हुरड्याबरोबर बोरं असायचीच. बोराची बी तोंडातून बाहेर येते आणि नाकात का जाते, हे कोडं मला उलगडलेलं नाही, पण जाते. चिमटा, हेअरपिन, काडी असलं काही घालू नका. बी टणक असते, ती आणखी आत सरकते. कान-नाक-घशाचे डॉक्टर रविवारी कुठे भेटतात, हे आधी बघून ठेवणारा बाप मला आदरणीय वाटतो.

मग बैलगाडीची फेरी. रांग पाऊण तासाची, फेरी पाच मिनिटांची. पोर रांगेत कंटाळतं, गाडीत बसल्यावर बैलाचं शेपूट बघून घाबरतं आणि उतरल्यावर परत बसायचं म्हणतं. गोफण शिकवणारे काका भेटले तर स्वतः शिकून घ्या, पण पोराच्या मागे, पुढे किंवा शेजारी उभे राहू नका. पाखरं हाकलायचं हे हत्यार अनुभवी हातात सरळ दगड फेकतं. सहा वर्षांच्या हातातून दगड कुठेही जातो, बहुतेक वेळा मागे, जिथे काकू फोटो काढत असतात. दगडाऐवजी ओल्या मातीची गोळी द्या. ज्वारी मोठ्या माणसाच्या डोक्यावरून जाते, तेव्हा पोराला एकटं शेतात शिरू देऊ नका. लाल किंवा केशरी टोपी घाला, हिरव्यात ती लांबून दिसते.

खरं सांगायचं तर पोराला यातलं काहीच नको असतं. त्याला हवी असते ती कोपऱ्यातली प्लॅस्टिकची घसरगुंडी, जी सोसायटीच्या बागेतही आहे, आणि बांधाजवळ उभा असलेला जेसीबी. दिवसातले दोन तास त्याला मनसोक्त तिथे सोडा. आपण इथवर आलो, पेट्रोल जाळलं, म्हणून त्याने निसर्ग बघितलाच पाहिजे, हा आग्रह फक्त मोठ्यांचा दिवस खराब करतो.

जेवण दीड-दोनला : चुलीवरची भाकरी, पिठलं, वांग्याचं भरीत, ठेचा, नशीब असेल तर मासवडी. पोर भाकरी आणि गूळ खातं. तेवढं पुरतं.

परतीची वेळ मात्र घड्याळ लावून पाळा. निघायचं तीनला. चारला निघालात तर नगर रस्त्यावरच्या वाघोलीच्या कोंडीत सापडता, पोर गाडीत साडेपाचला झोपतं, घराच्या पार्किंगमध्ये सातला जागं होतं आणि रात्री साडेअकराला त्याला बैल-बैल खेळायचं असतं. तीनला निघालात तर ते लगेच झोपून साडेचारला उठतं आणि वेळेवर अंथरुणात जातं. शेतावरचे काका "चहा घेऊन जा की" म्हणतील. चहा थर्मासमध्ये भरून घ्या.

जाताना किलोभर हुरडा बांधून घ्यायचा मोह होतोच. प्लॅस्टिकच्या बंद पिशवीत, उन्हात तापलेल्या डिकीत तो दोन तासांत घामेजतो आणि आंबूस होतो. कापडी पिशवीत, सीटखाली ठेवा, घरी गेल्या गेल्या फ्रीजमध्ये. दोन दिवसांत संपवा. परतवून जिरं, मिरची, दाण्याचं कूट घातलं की उसळ होते. जाडसर वाटून कांदा, कोथिंबीर आणि मावेल तेवढं ज्वारीचं पीठ घातलं की थालीपीठ होतं. शेतात ज्याने दाण्याला तोंड लावलं नव्हतं ते पोर सॉसबरोबर दोन थालीपिठं खातं आणि विचारतं, "आई, हे कुठे मिळतं?"