ओहोटीच्या वेळेला शाळा भरवता येईल का?

कोकणातल्या मुलांना पाणथळ जागा प्रत्यक्ष दाखवून शिकवायच्या म्हटल्या की पहिली अडचण शाळेच्या वेळापत्रकाचीच येते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी सर्वांत जास्त मागे हटते आणि खाडीतला चिखल, तिसऱ्यांच्या (शिंपल्यांच्या) जागा, तिवर या खारफुटीच्या झाडांची वर आलेली श्वसनमुळे असे सारे उघडे पडते. पण आपल्या किनाऱ्यावर त्या दिवसांची मोठी ओहोटी सकाळी लवकर किंवा संध्याकाळी येते आणि भर दुपारी, शाळा चालू असताना, खाडी तुडुंब भरलेली असते. अष्टमीच्या भांगेला (छोट्या भरती-ओहोटीला) दुपारी ओहोटी मिळते खरी, पण तेव्हा पाणी फारसे हटतच नाही. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा हिशेब मासेमारी करणाऱ्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या तोंडी चालत आला आहे. द्वितीयेला दोनाची पाऊणपट दीड, म्हणजे दुपारी दीडच्या आसपास भरती, आणि त्याच्या सहा तासांहून थोडे अधिक आधी, म्हणजे सकाळी सव्वासात-साडेसातला ओहोटी. बंदरागणिक यात थोडा फरक पडतो, तो स्थानिक माणसे सांगतात. अमावास्या किंवा पौर्णिमा उलटल्यावर द्वितीया-तृतीया ज्या शनिवारी येते, त्या शनिवारची सकाळची शाळा खाडीवर भरवावी, एवढीच माझी मूळ मागणी आहे. असे शनिवार वर्षातून मोजकेच येतात आणि ते जून महिन्यातच पंचांगात पाहून ठरवता येतात.

सध्या होते काय, तर 2 फेब्रुवारीला जागतिक पाणथळ दिन येतो (1971 साली इराणमधील रामसर येथे झालेल्या कराराचा हा दिवस), त्यानिमित्त चित्रकला स्पर्धा होते, घोषणा लिहिल्या जातात आणि उत्साह अधिक असेल तर मुलांच्या हाती कांदळ या दुसऱ्या खारफुटीच्या झाडाची रोपे देऊन ती चिखलात लावून घेतली जातात. प्रत्यक्ष कृतीतून शिक्षण म्हणून जिचे सर्वाधिक कौतुक होते, त्या या लागवडीलाच माझा सर्वाधिक विरोध आहे. खाडीतला उघडा चिखल रिकामा नसतो. त्यात तिसऱ्या असतात, निवट्या (चिखलात राहणारे मासे) असतात, हिवाळ्यात दूरच्या उत्तरेकडून आलेल्या चिखल्या आणि तुतारी पक्ष्यांचे ते चरण्याचे ठिकाण असते, आणि गावातल्या कितीतरी बायकांची चार पैशांची कमाई तिथेच असते. जिथे पाण्याची ये-जा मोकळी आहे आणि जमिनीची उंची योग्य आहे, तिथे खारफुटीच्या बिया आणि शेंगा भरतीबरोबर वाहत येऊन आपोआप रुजतात. जिथे त्या रुजत नाहीत, तिथे बहुधा काहीतरी कारण असते. ते कारण शोधायला लावणे हा धडा झाला. रोप लावून छायाचित्र काढणे हा फार तर कार्यक्रम झाला.

मग मुलांनी करायचे काय? बांबूच्या कामट्यांची एक मीटर लांब-रुंद चौकट घ्यावी, ती चिखलावर ठेवावी आणि आत किती श्वसनमुळे, खेकड्यांची किती बिळे, किती जातींचे शंख आहेत ते मोजावे. बादलीच्या झाकणावर काळे-पांढरे चतकोर रंगवून ते वजनासह दोरीने पाण्यात सोडावे आणि कितव्या वितीला दिसेनासे होते ते लिहावे, म्हणजे गढूळपणाचा अंदाज येतो. तिवराच्या पानावर जमलेले मीठ जिभेला लावून पाहावे आणि कांदळाच्या पानावर ते का आढळत नाही, हा प्रश्न वर्गात न्यावा. तिवर शोषलेले मीठ पानांतून बाहेर टाकते, तर कांदळ ते बरेचसे मुळांशीच अडवते, हे उत्तर त्यानंतर दिले तर ते विसरले जात नाही. यातली महत्त्वाची अट एकच आहे की जागा बदलायची नाही. तीच चौकट, तीच जागा, पावसाळ्यानंतर, हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात पुन्हा पाहिली तरच मुलांच्या हाती तुलना करण्याजोगे काही लागते. एका सहलीत दहा ठिकाणे दाखवण्याचा आपला सोस याच्या अगदी उलट आहे.

शिकवणारे कोण, याबद्दलही आपण फार संकोच करतो. तिसऱ्या काढणाऱ्या बाईला कुठला चिखल पाय धरतो, कुठल्या भोकाखाली जीव आहे आणि कुठल्या महिन्यात हात लावायचा नाही, हे विज्ञानाच्या शिक्षकापेक्षा निश्चित अधिक कळते. (मी स्वतः विज्ञान शिकवतो, त्यामुळे हे म्हणण्याचा अधिकार मला आहे असे मानतो.) तिला बोलवावे आणि बाहेरून येणाऱ्या व्याख्यात्याला देतो तेवढेच मानधन द्यावे. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या महिला पर्यटकांना होडीतून कांदळवनाची (खारफुटीच्या जंगलाची) सफर घडवतात. पैसे देऊन येणाऱ्या पाहुण्यांना ज्यांचे ज्ञान मोलाचे वाटते, त्यांचे ज्ञान आपल्याच गावातल्या शाळेला का चालू नये?

आता जरा अवघड विषय. खारजमिनीच्या गावातली मुले कांदळवनाचे गुणगान ऐकून घरी जातात, तेव्हा घरात त्यांना नेमके उलटे ऐकू येते, आणि घरचे काही अगदीच खोटे बोलत नसतात. मातीचे बांध घालून, त्यांना उघाड्या बसवून आपल्या पूर्वजांनी खाडीकडून भातशेती मिळवली. ओहोटीला उघाडीतून पावसाचे पाणी बाहेर जाते, भरतीला तिचे दार मिटते आणि खारे पाणी बाहेरच थोपते. पावसाने वरच्या थरातले मीठ धुतले गेले की भात लावता येतो. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने क्षार सोसणारे भाताचे वाण याच जमिनींसाठी काढले. अलिबागच्या खारेपाटातला चरी गावचा शेतकरी संप, जो 1933 साली सुरू होऊन काही वर्षे चालला, तो याच प्रकारच्या जमिनीवर राबणाऱ्या कुळांचा होता. पुढे माणसे मुंबईला गेली, बांधांची डागडुजी थांबली, त्यांना खांडी (भगदाडे) पडल्या, खारे पाणी आत शिरले आणि काही वर्षांत तिथे तिवरे उभी राहिली. सातबाऱ्यावर नाव शेतकऱ्याचे, पण झाडाला हात लावता येत नाही, कारण 2018 साली मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवनांचा नाश हा नागरिकांच्या मूलभूत हक्कांचा भंग ठरवला आणि खासगी जमिनीवरील कांदळवनालाही तेच संरक्षण लागू केले. हा निर्णय योग्यच आहे असे माझे मत आहे. तरीही ज्या मुलाच्या आजोबांची शेती अशी गेली, त्याच्यापुढे फक्त खारफुटीचे फायदे वाचून दाखवणारे शिक्षण अप्रामाणिक ठरते. त्याला बांधावर न्यावे, उघाडीच्या आतल्या आणि बाहेरच्या पाण्याचा खारटपणा मोजायला लावावा, खांड नेमकी कुठे आणि का पडली ते आजोबांना विचारून नकाशावर काढायला सांगावे. त्यातून तो खारफुटीच्या बाजूने बोलेल की शेतीच्या, हे आधी ठरवून ठेवण्याचा हक्क शिक्षकाला नाही.

खाडीपुरतेच थांबू नये. आमच्या राजापूर तालुक्यात जांभ्याचे सडे (जांभ्या दगडाची उघडी पठारे) आहेत आणि पावसाळ्यात त्यांवर साचणारी उथळ डबकी याही पाणथळ जागाच आहेत. महसुली कागदांत हे सारे पोटखराबा किंवा पडीक. देशाच्या 2011 च्या पाणथळ नकाशासंग्रहातील 2,01,503 जागांचा आकडा सव्वादोन हेक्टरांहून मोठ्या जागांचा आहे, त्यामुळे सड्यावरची डबकी त्यात येण्याचा प्रश्नच नाही. श्रावण-भाद्रपदात तिथे सीतेची आसवे फुलतात. या निळ्या-जांभळ्या फुलांची झाडे मुळाशी असलेल्या बारीक पिशव्यांत सूक्ष्म जीव पकडून खातात. शेजारीच दवबिंदू ही दुसरी कीटकभक्षी वनस्पती पानांवरच्या चिकट थेंबांनी शिकार करते. इथे मुलांसाठी एक फार सोपा प्रयोग आहे. एप्रिलमध्ये कोरड्या पडलेल्या डबक्यातली मूठभर माती उचलावी, काचेच्या बरणीत घालावी, त्यावर साठवलेले पावसाचे पाणी ओतावे आणि रोज भिंगातून पाहावे. फेअरी श्रिम्प नावाचे कोळंबीसारखे इवले जीव सड्यांवरच्या अशा डबक्यांत आढळतात; त्यांची अंडी कोरड्या मातीत तग धरून राहतात आणि पाणी मिळताच उबतात. पडीक म्हणवल्या जाणाऱ्या मातीत काय दडलेले असते, ते समजायला मुलांना दुसऱ्या व्याख्यानाची गरज पडत नाही.

सुरक्षिततेची काळजी पालकांना वाटते आणि ती वाटायलाच हवी. वाशिष्ठीच्या खाडीत मगरी आहेत, तिथे काठाच्या पाण्यात मुले उतरवू नयेत. कालवांच्या कडा पाय कापतात, म्हणून बूट हवेत. पावसाळ्यात लेप्टोची भीती असते, म्हणून पायाला जखम असलेल्याला साचलेल्या पाण्यात उतरू देऊ नये. पावसात सडा आणि दिवाळीनंतर खाडी, अशी विभागणी केली तर बरेचसे प्रश्न सुटतात.

वेळ नाही ही सबब मला पटत नाही. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना शाळेची सूचना आहे आणि आपल्या राज्याच्या अभ्यासक्रमात नववी-दहावीला जलसुरक्षा हा विषय आहे. त्याचे प्रकल्प आज बऱ्याचदा दुकानातल्या तयार चित्रांवर आणि दादा-ताईंच्या जुन्या वह्यांवर भागवले जातात. मुलांनी मोजलेले आकडे त्या वह्यांत आले, तर गुण देण्यापलीकडे त्यांचा उपयोगही होईल. 2002 च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही असायला हवी. राष्ट्रीय हरित लवादाने 31 जानेवारी 2020 ही मुदत घातल्यावर अनेक ठिकाणी या वह्या घाईघाईने भरल्या गेल्या, आणि त्यांत आपल्या गावच्या डबक्याचे किंवा तिसऱ्यांच्या चिखलाचे नाव सापडेलच असे नाही. 26 जानेवारीला झेंडावंदनासाठी मुले शाळेत असतातच आणि त्याच दिवशी ग्रामसभाही असते. तिच्या विषयपत्रिकेवर मुलांच्या नोंदींचे वाचन हा एक विषय घ्यावा, त्या नोंदी ठरावाने नोंदवहीत जोडाव्यात आणि त्या जागेवर भराव टाकण्याची परवानगी मागणारा अर्ज पुढे कधी आलाच, तर सरपंचांनी ती वही उघडून पाहावी, असे लेखी पत्र मुख्याध्यापकांनी डिसेंबरमध्येच ग्रामपंचायतीला द्यावे.