‘सदोष पॉवर मीटर माथी मारला’ या रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर

नमस्कार सर,

तुम्हाला मनस्ताप झाला, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. हौसेने घेतलेल्या वस्तूचे आकडे पहिल्याच आठवड्यात जुळेनासे झाले की माणूस हिरमुसतो, हे मी समजू शकतो. पण तुमच्या रिव्ह्यूतलं एक वाक्य दोन दिवस माझ्या डोक्यातून जात नाहीये, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुम्ही लिहिलंय की घरच्या स्मार्ट ट्रेनरवर (सायकल लावून घरातच चालवायचं, पॉवर मोजणारं यंत्र) २५० वॅट दिसतात तेव्हा आम्ही बसवलेलं पॉवर मीटरचं पेडल, म्हणजे पायाचा जोर वॅटमध्ये मोजणारं पेडल, २४० दाखवतं, बाहेरच्या राईडला सायकल कॉम्प्युटर आणि राईड नोंदवणारं ॲप दोन वेगळे आकडे देतात, आणि याचं कारण म्हणजे आम्ही ‘कॅलिब्रेशन न करताच गाडी हातात दिली’.

सर, कॅलिब्रेशन, म्हणजे भार नसताना मीटरचं शून्य ठरवणं, केलं होतं. एकदा नाही, दोनदा. पहिल्यांदा पेडल आवळल्यावर लगेच, गाडी सरळ उभी धरून, पेडलवर कसलाही भार नसताना. मग मी तुम्हाला बाहेर एक चक्कर मारायला सांगितलं, तीन-चार वेळा उभं राहून जोर लावा म्हटलं, कारण नवीन आवळलेलं पेडल जोर बसल्यावर थोडं जागेवर बसतं आणि त्यानंतर पुन्हा शून्य घ्यावं लागतं. ते दुसरं शून्य घेताना तुम्ही फोनवर बोलत होतात. मी स्क्रीन तुमच्यासमोर धरला, तुम्ही मान हलवलीत. ते तुमच्या लक्षात राहिलं नसेल, त्याचा राग नाही. पण ‘केलंच नाही’ हे चारचौघांत लिहिलेलं फार लागलं. या कामात मी कधी घाई करत नाही. त्या दिवशी दुकानात आणखी दोन गिऱ्हाईकं थांबली होती, तरी केली नाही.

आणि हे शून्य एकदा घेतलं की कायमचं झालं, असं नसतं. पेडलच्या दांड्यात स्ट्रेन गेज असतात, दांडा किंचित वाकतो त्यावरून ते जोर मोजतात. तापमान बदललं की शून्य सरकतं. काही मीटर ते आपोआप सावरून घेतात, तरी राईडआधी हाताने घेणं चांगलं. तुम्हीच लिहिलंय की बंद गाडीच्या डिकीतून सायकल काढली आणि लगेच निघालात. सायकल बाहेरच्या हवेत दहा-पंधरा मिनिटं राहू द्यायची, मग शून्य घ्यायचं आणि मग निघायचं. हे मी सांगितलं होतं, पण कागदावर लिहून दिलं नव्हतं, हे मान्य.

आता ते दहा वॅट. इथे मी माझ्या बाजूचंच तेवढं सांगणार नाही. खरं तर पेडलवर ट्रेनरपेक्षा जास्त दिसायला हवं. पायाचा जोर आधी पेडलवर येतो, साखळी आणि डिरेलरमध्ये (गिअर बदलणारा भाग) त्यातला साधारण २ ते ४ टक्के जातो आणि उरलेला ट्रेनरपर्यंत पोहोचतो. म्हणजे ट्रेनर २५० म्हणत असेल तर पेडलवर २५५ ते २६० अपेक्षित. मग २४० का? तुम्ही घेतलंय ते एका बाजूचं मीटर आहे. ते फक्त डावा पाय मोजतं आणि त्याची दुप्पट करतं. समजा एकूण २५५ वॅटमध्ये डाव्याचा वाटा ४८ टक्के आहे, म्हणजे सुमारे १२२. त्याची दुप्पट २४४ किंवा २४५. ही सदोष वस्तू नाही, तिची मोजण्याची पद्धतच ही आहे. दोन्ही बाजूंचं मीटर मी आधी दाखवलं होतं. तुमच्या बजेटात हे बसत होतं म्हणून तुम्ही हे निवडलंत. पण ‘ट्रेनरशी जुळणार नाही’ हे मी तेव्हाच ठणकावून सांगायला हवं होतं. ते नुसतं ओझरतं बोललो. ती चूक माझी.

आणखी एक गोष्ट. तुमचा क्रँक, म्हणजे पेडल ज्याला बसतं तो आडवा दांडा, १७५ मिलिमीटरचा आहे आणि मीटरच्या सेटिंगमध्ये मुळात बहुतेक वेळा १७२.५ असतं. ते मी बदललं की नाही, हे मला आता छातीठोकपणे सांगता येत नाही. राहिलं असेल तर मीटर साधारण १.४ टक्के कमी दाखवेल, म्हणजे २४० च्या आसपास तीन-साडेतीन वॅट. आजच तपासा. तसं निघालं तर तेवढ्या वॅटचा दोष पूर्ण माझा.

ॲपच्या आकड्याचं मात्र माझ्याकडून काहीच चुकलेलं नाही. तुम्ही टाकलेला स्क्रीनशॉट मोठा करून पाहिला. कॉम्प्युटरवर १८८ च्या खाली ‘ॲव्हरेज’ आहे आणि ॲपमध्ये २०९ च्या खाली बारीक अक्षरात ‘वेटेड ॲव्हरेज’. पहिली साधी सरासरी आहे. दुसऱ्या आकड्यात चढावर लागतो तशा मोठ्या जोराला जास्त महत्त्व मिळतं, म्हणून चढउताराच्या रस्त्यावर तो नेहमी वर जातो. याशिवाय काही कॉम्प्युटरमध्ये पाय न मारता गेलेला वेळ, म्हणजे शून्य वॅट, सरासरीत धरायचा की नाही याची सेटिंग असते. तीही एकदा बघून घ्या. फाईल तीच आहे, मीटरही तेच.

एफटीपी (साधारण तासभर टिकवता येईल तेवढी जास्तीत जास्त पॉवर) दहाने ‘घसरला’ म्हणून वाईट वाटून घेऊ नका. पेडलवर एकदा नवीन टेस्ट करा आणि बाहेरच्या राईडचे झोन (सरावातल्या जोराचे टप्पे) त्यावरच लावा. घरातही ट्रेनर चालू असताना ॲपला पॉवर पेडलवरूनच घ्यायला सांगा, बहुतेक ॲपमध्ये ती सोय असते. महिनाभर एकाच यंत्राचे आकडे पाहिलेत की प्रगती नीट दिसेल.

दुकान मी एकटा चालवतो सर. नवीन माणूस आधी रिव्ह्यू वाचतो, मग दारात येतो. सगळ्यात वर ‘माथी मारला’ वाचलं की बरेच जण येतच नाहीत. लिहिण्याआधी एक फोन केला असतात तर हे सगळं दहा मिनिटांत बोलून झालं असतं. यापुढे मीटर देताना माहिती अजून नीट देऊ, शक्य तितकं लिहूनही देऊ.

सायकल आणि ट्रेनर दोन्ही घेऊन या. दुकान बंद झाल्यावर आलात तरी चालेल, म्हणजे मध्ये कोणी येणार नाही. दोन्हींवरून एकाच वेळी रेकॉर्ड करू, आलेख शेजारी शेजारी ठेवून बघू. मीटरमध्येच खोट निघाली तर कंपनीकडून बदलून आणायची जबाबदारी माझी.