गाणं सोडलं म्हणून काय बिघडलं?

बिल विदर्सबद्दल कुठेही वाचायला घ्या, शेवटी तीच हळहळ. एवढा मोठा सोल (अमेरिकेतल्या काळ्यांचं, चर्चच्या गाण्यांतून आलेलं संगीत) गायक, स्वतः गाणी लिहिणारा, आणि १९८५ नंतर एकही अल्बम नाही! पन्नाशीच्या आत गाशा गुंडाळून घरी बसला, किती वाया गेलं, वगैरे. मला ही हळहळ कधीच पटलेली नाही. आज जरा सविस्तर लिहितो. लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

नाव ओळखीचं वाटत नसेल तरी आवाज ओळखीचा असणार. रील्समध्ये निम्म्या जगाने वापरून चोथा केलेलं 'जस्ट द टू ऑफ अस' त्यानेच गायलंय. 'एन्ट नो सनशाइन' त्याचं. 'लीन ऑन मी' त्याचं.

जन्म ४ जुलै १९३८, वेस्ट व्हर्जिनियातल्या स्लॅब फोर्क नावाच्या कोळसा खाणीच्या गावात. सहा भावंडांत धाकटा. वाढला जवळच्या बेकलीत. तेरा वर्षांचा असताना वडील गेले. त्यात बोलताना अडखळायचा, आणि तेही थोडंथोडकं नाही, पार तिशी जवळ येईपर्यंत. घरात आधार आजीचा. तिच्यावर त्याने पुढे 'ग्रँडमाज हँड्स' लिहिलं. दोन मिनिटांचं गाणं आहे आणि त्यात आजीचे फक्त हात आहेत. चर्चमध्ये टाळ्या वाजवणारे, सांध्यांत दुखणारे, सुजणारे, नातवाला सावरणारे. तिचा चेहरा नाही, तिच्या थोरवीची वर्णनं नाहीत. आई-आजीवरच्या गाण्यांत आपल्याकडे पहिल्या ओळीपासून गळा काढतात, त्यांनी हे एकदा ऐकावं.

शाळा संपवून नौदलात गेला, तिथे नऊ वर्षं काढली. बाहेर पडल्यावर मिळेल ती नोकरी. गाण्याकडे वळण्याचं कारण त्याने स्वतःच सांगितलंय आणि ते भलतंच रोकडं आहे. ओकलंडच्या एका क्लबात लू रॉल्सचा कार्यक्रम होता, गायक वेळेवर आला नव्हता आणि मालक वैतागून म्हणत होता की याला आठवड्याला दोन हजार डॉलर देतो तरी हा वेळेवर येत नाही. तासाला तीनेक डॉलर मिळवणाऱ्या बिलच्या कानावर तो आकडा पडला. झालं! गहाणवटीच्या दुकानातून स्वस्तातली गिटार घेतली आणि शिकायला लागला. 'मला अंतरात्म्याची हाक आली' असलं काही नाही. मला हा माणूस आवडायला इथूनच सुरुवात होते.

१९६७ मध्ये लॉस एंजेलिसला आला. दिवसा विमानांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात. बोइंग ७४७ ची शौचालयं जोडायचं काम होतं, हे तो पुढे मजेने सांगायचा. पगारातून पैसे बाजूला टाकून गाणी रेकॉर्ड करायची आणि टेप घेऊन कंपन्यांचे उंबरे झिजवायचे. शेवटी ससेक्स रेकॉर्ड्सच्या क्लॅरन्स अव्हांटने त्याला घेतलं आणि निर्माता म्हणून बुकर टी. जोन्स दिला. स्टुडिओत बिलने बुकरला विचारलं, ही गाणी म्हणणार कोण? बुकर म्हणाला, तूच. तोवर त्याला स्वतःला गायक म्हणवून घ्यायचीही सवय नव्हती.

'जस्ट अ‍ॅज आय अ‍ॅम' १९७१ मध्ये आला तेव्हा बिल बत्तिशी ओलांडून गेलेला. त्या अल्बमचं कव्हर जरूर शोधून बघा. कारखान्याच्या भिंतीला टेकून उभा आहे, साधे कपडे आणि हातात जेवणाचा डबा. मीही शिफ्टची नोकरी केली आहे, त्यामुळे माझी नजर आधी त्या डब्यावर गेली. दुपारच्या सुट्टीत काढलेला फोटो आहे तो. पहिला अल्बम येतोय आणि पठ्ठ्या अजून कामावर, कारण गाण्याच्या धंद्याचा भरवसा नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं. हातचं सोडून पळत्याच्या मागे लागणाऱ्यातला तो नव्हता. गाणं गाजल्यावर कंपनीने त्याला काय भेट दिली असेल? सोनेरी रंगाची टॉयलेट सीट!

ते गाजलेलं गाणं 'एन्ट नो सनशाइन'. खरं तर ते तबकडीच्या मागच्या बाजूला होतं, पुढच्या बाजूला 'हार्लेम' हे गाणं. रेडिओवाल्यांनी तबकडी उलटली. त्यात तो 'आय नो' हे दोनच शब्द सव्वीस वेळा म्हणतो. तिथे खरे शब्द नंतर लिहायचे होते, पण स्टुडिओतल्या अनुभवी वादकांनी सांगितलं, हात लावू नकोस. त्यानेही नव्या कामगारासारखं ऐकलं. गाणं अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत तिसऱ्या क्रमांकावर गेलं आणि त्याला ग्रॅमी मिळालं.

पुढच्याच वर्षी 'लीन ऑन मी', जुलै १९७२ मध्ये सलग तीन आठवडे पहिल्या क्रमांकावर. घरात पेटी असेल तर आत्ता काढा. सा सा रे ग म, म ग रे सा. झाली की सुरुवात! पियानोवर बोटं शेजारशेजारच्या पट्ट्यांवरून वर गेली आणि तशीच खाली आली, एवढीच चाल. आपल्याकडे क्लासच्या पहिल्या आठवड्यात मुलं हेच वाजवतात. पन्नास वर्षांनी कोविडच्या टाळेबंदीत लोक तेच गाणं म्हणत होते. इतकं सोपं लिहायला काय लागतं ते लिहिणाऱ्यालाच कळतं. त्याच ऑक्टोबरात कार्नेगी हॉलमध्ये केलेला कार्यक्रम तर माझ्या मते सोलमधलं सर्वोत्तम प्रत्यक्ष ध्वनिमुद्रण आहे. भांडा खुशाल. त्यात 'आय कान्ट राइट लेफ्ट-हँडेड' आहे, व्हिएतनाममध्ये उजवा हात निकामी झालेल्या पोराचं. डाव्या हाताने लिहिता येत नाही म्हणून आईला पत्र लिहायला तो दुसऱ्याला सांगतोय. युद्धावर घोषणा देणारी गाणी तेव्हा ढीगभर होती, हे गाणं पत्राच्या मजकुरापलीकडे जातच नाही. मागे जेम्स गॅडसनचा ड्रम ऐका, काय संयम आहे!

मग ससेक्स बुडाली आणि १९७५ मध्ये तो कोलंबिया रेकॉर्ड्सकडे गेला. तिथे 'लव्हली डे' झालं, शेवटी एक सूर अठरा सेकंद लावून धरलेला. पण कंपनीत काळ्यांचं संगीत कसं असावं हे ठरवणारे तज्ज्ञ बसलेले. एकाने त्याला सुचवलं, गोऱ्या एल्विस प्रेस्लीचं 'इन द घेटो' गा. खाणीच्या गावातून आलेल्या, स्वतःची गाणी स्वतः लिहिणाऱ्या काळ्या माणसाला एल्विसने गायलेलं गरीब वस्तीचं गाणं! १९७८ नंतर सात वर्षं त्याचा स्वतःचा अल्बम नाही. 'जस्ट द टू ऑफ अस' मधल्या काळात सॅक्सोफोनवादक ग्रोव्हर वॉशिंग्टन ज्युनिअरच्या अल्बमवर आलं. १९८५ मध्ये एक शेवटचा अल्बम दिला आणि बिल या धंद्यातून निघाला.

आता हळहळ करणाऱ्यांना माझा प्रश्न. सोलच्या इतिहासात आपण कोणाकोणाची नावं भक्तिभावाने घेतो? सॅम कूक, गोळी लागून गेला, वय ३३. ओटिस रेडिंग, विमान अपघात, वय २६. डॉनी हॅथवे, वय ३३. मार्विन गे, बापाच्याच हातून. कलावंत जळून गेला की आपल्याला तो शोभून दिसतो. आणि जो कारखाना सोडावा तसा धंदा सोडतो, घरी येऊन पोरं वाढवतो, तो आपल्या लेखी 'वाया गेला'. गाण्यांच्या हक्कांचा कारभार बायको मार्शिया बघायची, पैसा घरात येत राहिला. कंपनीला नाही म्हणण्याची ताकद तिथून येते. स्वाभिमान वगैरे ठीक आहे, पण हक्क घरात नसते तर झक मारत एल्विस गावा लागला असता.

शिवाय त्याची गाणी काही घरी बसली नाहीत. १९८७ मध्ये क्लब नूव्हो या बँडने 'लीन ऑन मी' नव्याने केलं आणि त्यावर बिलला गीतकार म्हणून पुन्हा ग्रॅमी मिळालं. 'ग्रँडमाज हँड्स'चा तुकडा १९९६ मध्ये ब्लॅकस्ट्रीट या गटाच्या 'नो डिगिटी' गाण्यात वाजला. २००९ च्या 'स्टिल बिल' माहितीपटात तो अडखळत बोलणाऱ्या मुलांना भेटतो आणि रडतो. २०१५ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये स्टीव्ही वंडरने त्याचा सन्मान केला. भाषणात बिलने सगळ्या सभागृहाला हसवलं आणि लोकांना वाटलं, आता पुनरागमन होणार. छे! ३० मार्च २०२० ला गेला, ८१ वर्षांचा होऊन, आणि मधल्या पाच वर्षांत अल्बम काढला नाही तो नाहीच.

ज्यांना ऐकायला सुरुवात करायची आहे त्यांनी रील्समधलं गाणं बाजूला ठेवा, कार्नेगी हॉलचा अल्बम पहिल्यापासून लावा. गाण्यांच्या मधलं बोलणं पुढे ढकलू नका. एके काळी अडखळणारा तो माणूस तिथे आजीबद्दल काय रंगून बोलतो ते ऐका, मग कमेंटमध्ये या भांडायला.