पाचोळ्याला काडी लावू नका

मार्च सरत आला की नागपुरात ठरलेलं वाक्य ऐकू येतं, 'आता जंगलात काय पाहायचंय, सगळं वाळून गेलं.' मला हे अजिबात पटत नाही. झाडं-पाखरं बघायची तर होळीपासून एप्रिलअखेरपर्यंतचा काळ सगळ्यात चांगला. पानं झडलेली, त्यामुळे पक्षी स्पष्ट दिसतात. फक्त सकाळी आठ-साडेआठच्या आत घरी परतायचं.

वाघासाठी सफारीचं बुकिंग करणारे आपण, गावातल्या सेमिनरी हिल्सवर मात्र मान वर करून बघत नाही. कुसुमाची कोवळी पालवी इतकी लाल असते की लांबून झाड फुलल्यासारखं वाटतं. वावळाच्या झाडाची चपटी, कागदी फळं वाऱ्यावर उडत असतात. तांबट पक्ष्याचं टुक टुक चालूच. आणि मोठ्या चोचीचा राखी धनेश पक्षी! याच दिवसांत मादी जुन्या झाडाच्या ढोलीत जाऊन बसते आणि विष्ठा-मातीने ढोलीचं तोंड लिंपून घेते. राहते फक्त चोच बाहेर येईल एवढी फट. नर उंबर-पिंपळाची फळं गिळून आणतो, ढोलीशी बसतो आणि घशातून एकेक फळ वर काढून त्या फटीतून तिला भरवतो. हे बघताना मला जागचं हलवत नाही. ढोली असते ती म्हाताऱ्या झाडाला. 'वाळलंय, पाडून टाका' म्हणण्याआधी एवढं आठवा.

पण खरी गंमत जमिनीवर आहे. उन्हाळ्यात पाणी वाचवायला झाडं पानं टाकतात आणि तीच पानं मुळांवरची माती झाकून ओल धरतात. सातभाई पक्षी दिवसभर तीच उलटीपालटी करून किडे टिपतात. रातवा पक्षी तर घरटंच बांधत नाही, उघड्या जमिनीवर, पाचोळ्यातच अंडी घालतो. परवा पायवाटेच्या कडेला एक रातवा अगदी पायाजवळून उडाला. तोवर मी त्याच्याकडेच बघत होतो आणि मला फक्त वाळकी पानं दिसत होती. आम्ही फोटोच्या नादी न लागता मागे फिरलो. अंडी असतील तर तापत्या उन्हात ती उघडी पडणं बरं नव्हे.

आणि याच पाचोळ्याला आपण आग लावतो. जंगलात मोहफुलं दिसावीत म्हणून झाडाखाली पेटवतात, विडीसाठी लागणारी तेंदूची नवी पानं फुटावीत म्हणून पेटवतात. तिथे लोकांच्या पोटाचा प्रश्न आहे. मोहाखाली जाळी अंथरली तर फुलंही स्वच्छ मिळतात, पण ती जाळी त्यांच्यापर्यंत पोचवायला हवी. शहरात आपल्याला कसली अडचण आहे? राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्येच उघड्यावर कचरा जाळायला देशभर बंदी घातली, ५,००० रुपये दंड आणि मोठ्या प्रमाणावर जाळला तर २५,००० ठरवला. तरी रोज सकाळी गल्लीत धूर असतोच.

आमच्या कॉलनीत मैदानाच्या कोपऱ्यात खड्डा केलाय. कडुनिंब, करंज, पिंपळ, सगळी पानं त्यात. अधूनमधून पाणी आणि शेणकाला टाकतो, पावसाळ्यानंतर खत निघतं. तुमच्याकडे झाडणाऱ्या ताई पानं पेटवत असतील तर त्यांच्यावर ओरडू नका. त्यांना पोती द्या आणि पानं टाकायला जागा दाखवा. खड्ड्यासाठी मदत लागली तर कमेंटमध्ये सांगा, मी कुदळ घेऊन येतो.